रकाना सात

छापील तक्त्यात सहावा सियार, सातवा लोमडी,
आठवा सेही.
जनकगंजातून सायकलवर यायची मी,
बाहीला शाई लागू नये म्हणून फडकं गुंडाळून
घाटीगाव रेंजचे आकडे उतरवायची.
घरी आम्ही सगळ्यांना कोल्हाच म्हणायचो.
पुण्याच्या मामांनी पत्रातून दुरुस्त केलं :
कोल्हा निराळा. हे खोकड.
शेपटीचं टोक काळं असतं, बघ.

बघ म्हणे.
मी आकड्यांपलीकडे काय बघितलं होतं?

दाखवलं ते हरलाल मोगियाने.
बंदी आली त्या साली त्याची ठासणीची बंदूक
आमच्या कपाटात जमा झाली,
पावती मीच फाडली, एकशे बारा नंबर.
मग खात्याने त्यालाच रोजंदारीवर घेतलं,
कारण बिळं कुठे आहेत
ते दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं.
‘लुखरिया’ म्हणायचा तो,
लेकीला हाक मारावी तसं.
किती मारल्यास रे?
‘मोजायला कुठे शिकलो होतो, बाई.’
कातड्याचे दोन रुपये, चरबी गुडघ्यांना.
तो लपवत नव्हता,
आणि माफ करणारी मी कोण?

फाल्गुनात माळावर त्याने मला पालथं झोपवलं,
इस्त्रीच्या साडीसकट.
बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं, नुसते कान.
आई टोळ खात होती,
पापड मोडावा तसा आवाज.
तिने आम्हाला पाहिलं.
टोळ आधी संपवला,
मग सावकाश उठली.

त्या वर्षी सातव्या रकान्यात एकोणीस.
पुढे सव्वीस. एकतीस.
साहेबांनी अहवालात लिहिलं,
बंदीचा परिणाम दिसतो आहे.
दिसत होताच. मी स्वतः पेढे आणले.

मग चौतीस.
चौतीस.
चौतीस.

हरलालची रोजंदारी कुठल्याशा आदेशात गेली,
तो फरशीच्या खाणीवर लागला
आणि चार हिवाळ्यांत खोकून संपला.
नवा गार्ड मोटारसायकलवरून माळ बघायचा,
गेल्या सालचा आकडा सांगायचा.
मी उतरवायची. अक्षर माझं चांगलं.

इतक्या वर्षांत माळावर गोळी सुटली नाही,
शपथेवर सांगेन.
खाणी फक्त सरकत आल्या,
झोपड्यांमागे कुत्रे, कुत्र्यांना खरूज,
खसऱ्यात ‘पडीक’ लिहिलेल्या गवतावर
एका दुपारी पोकलेन.
माझ्या पावतीबुकात बंदुकीला जागा होती,
पोकलेनला कुठे लिहू?
मारणाऱ्याला निदान माहीत होतं,
इथे आत कुणीतरी राहतं.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात गेले,
हरलालची सून बिट्टो सोबत.
सासऱ्याने तिला तीन जागा सांगून ठेवल्या होत्या,
दागिने कुठे पुरलेत ते सांगावं तसं.
पहिल्या जागी चुऱ्याचा ढीग.
दुसरी सापडेचना.
तिसऱ्या जागी आम्ही दोघी पालथ्या झोपलो,
माझे गुडघे कुरकुरत होते, ती हसली.

दिवस कलताना निघालं एक.
अर्धा कान नाही.
तोंडात पोळीचा तुकडा, कुणा मजुराच्या चुलीवरचा.
आम्हाला बघताच
तुकडा तिथेच टाकून पळालं.
टोक काळं होतं. बघितलं मी, मामा.

दुसऱ्या दिवशी शेजवलकर कचेरीत हळूच म्हणाला,
आमचं म्हातारं खोकड रानात जाऊन आलं वाटतं.
ऐकू आलं मला.
तक्ता ओढला, सातव्या रकान्यात लिहिलं : एक.
तो वाकून म्हणाला, ताई, चौतीस हवेत ना,
वरून विचारतील.

विचारू देत, म्हटलं,
आणि शाई वाळेपर्यंत पानावर हात ठेवून बसले.